फितीतली नळी

गुलाबी डगले दुकानात आले त्या दिवशी तोकिएने आधी नाक दाबलं आणि मग खिडकी उघडली.

दोन मोठ्या पिशव्यांत ते कोंबून भरले होते. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत एकच नाव, 'रुरी'. चाळीस वर्षांपूर्वीचा घाम, कपाटातल्या डांबरगोळ्या आणि मध्येच कधीतरी सांडलेली बिअर यांचा मिळून एक वास सगळ्या दुकानात पसरला. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात तोकिए शिराफुजीने काय काय हाताळलं नव्हतं! मासळीबाजारातले अ‍ॅप्रन, आजाऱ्यांची पांघरुणं, स्वतःच्याच लग्नात ओकलेल्या नवरदेवाचा काळा सूट. कशाचीही तिला कधी घाण वाटली नाही. या डगल्यांची वाटली. कारण पाठीवरची ती रुरी म्हणजे ती स्वतःच होती.

"रुरी-चान! अगदी तश्शीच आहेस बघ. तसूभर फरक नाही!" काउंटरपलीकडून ओझेकी म्हणाला.

तोकिए छप्पन्न वर्षांची होती. गुडघ्याला पट्टा, गळ्यात चष्म्याची दोरी, हातांना रसायनांनी पडलेल्या भेगा. आणि हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस तिला चान म्हणत होता. शाळकरी पोरींना लावावं, मांजराच्या पिल्लाला लावावं ते चान! तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक, म्हणून ती वाकली आणि म्हणाली, "या ओझेकी-सान, बऱ्याच वर्षांनी."

बऱ्याच वर्षांनी, कारण ती त्याला टाळत आली होती. 'रुरी परिवार' नावाची जी चाहत्यांची टोळी ती रुरी या नावाने गायची त्या दिवसांत गावोगाव तिच्यामागे फिरायची, तिचा हा अध्यक्ष. पुढे त्याने घरं विकायचा धंदा केला, पोट सुटलं, केस गेले, पण अध्यक्षपद काही गेलं नाही. दरवर्षी तो डोंगरावरच्या इकाहो गावातल्या एका हॉटेलात परिवाराचं संमेलन भरवायचा आणि दरवर्षी तोकिए बीनच्या गोड वड्यांचा डबा पाठवून येता येत नसल्याबद्दल माफी मागायची. यंदा मात्र तो डगले धुवायचं निमित्त काढून थेट दारात उभा राहिला.

"यंदा चाळिसावं वर्ष! तू यायलाच हवंस. नुसतं एक गाणं म्हण. तेच."

तेच म्हणजे 'सोळाव्या उन्हाळ्याचं पीच'. त्या गाण्यात एक मुलगी स्वतःला पीच म्हणवते आणि साल पातळ आहे माझी, सांभाळून हं, असं कुणाला तरी लाडात सांगते. लिहिणारा पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप. गाणारी सोळा वर्षांची, कापडगिरणीतल्या फिटरची मुलगी. त्या उन्हाळ्यात ते गाणं देशभर गाजलं आणि अजून गाजतंय मेलं! सुपरमार्केटात मासे निवडायला वाकावं तर वरून बासरीवर तेच. टीव्हीवर दर महिन्याला 'ते सोनेरी दिवस' छाप कार्यक्रम. तोकिएच्या वयाच्या बायका डोळे मिटून म्हणायच्या, काय गाणी होती गं आपल्या वेळची! आपल्या वेळची कसली, तोकिएच्या मनात यायचं. तिला ते गाणं ऐकलं की जेवलेलं वर यायचं.

"आवाज राहिला नाही आता," ती म्हणाली. "डगले गुरुवारी मिळतील. बिअरचे डाग निघतील, पण घामाचे पिवळे निघतीलच असं नाही."

"असू देत की! आठवणी आहेत त्या!" ओझेकी गहिवरून म्हणाला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून चिनात्सु आली. तोकिएची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, बालवाडीची शिक्षिका व्हायचा अभ्यास करणारी, सुट्टीच्या दिवशी काउंटर सांभाळणारी. तिने डगला उचलून पाठीवरचं नाव वाचलं आणि एकदम किंचाळली, "आई! हे खरेखुरे तेव्हाचे आहेत? काय गोड!"

तिच्या सगळ्या पिढीलाच हे नवं वेड लागलेलं. आयांच्या तरुणपणाची गाणी, आयांच्या तरुणपणाचे झगे, तबकड्या वाजवायची यंत्रंसुद्धा. आईचं एक जुनं चित्रण तिला फोनवर सापडलं होतं आणि त्यातला हात न् हात, गिरकी न् गिरकी तिने उचलली होती. तोकिएला हे ठाऊक होतं. न्हाणीघरातून गुणगुण ऐकू यायची तेव्हा ती मुद्दाम इस्त्रीची वाफ सोडायची, म्हणजे कानावर नको.

"येतं तुला?" ओझेकीने विचारलं.

आणि पोरीने म्हणून दाखवलं. तिथंच, हँगरांच्या रांगेखाली, अर्धं कडवं. आवाज बाई चांगला होता, आईपेक्षाही स्वच्छ. ओझेकीचे डोळे भरले, ओठ थरथरले. आधी तो हात जोडून ऐकत होता, मग त्याची बोटं आपोआप ताल धरू लागली, आणि ओळ संपून श्वास घ्यायला जागा आली तिथं तो दबक्या आवाजात ओरडला, "रुरी-चान!"

"काका, तुम्ही अजून आरोळ्या देता?" चिनात्सु खिदळली.

"मरेपर्यंत देणार! ऐक पोरी, आईला जमत नसेल तर तू ये. दुसरी पिढी! अगं, आमची माणसं ढसाढसा रडतील."

"येईन की!"

"नाही येणार ती," तोकिए म्हणाली. पण तोवर दोघांनी फोन नंबर घेतलेसुद्धा.

त्या संध्याकाळी जेवताना दोघी बांगड्याचे काटे काढत होत्या. शेवटी चिनात्सुने वाटी खाली ठेवली.

"कारण तरी सांग ना. इतकं सुंदर गाणं गायलीस तू आणि कधी नाव काढत नाहीस. शाळेत मैत्रिणींना सांगितलं तर म्हणायच्या, थापा मारते. तुला लाज वाटते का आपण प्रसिद्ध होतो त्याची?"

"ती माणसं बरी नाहीत."

"काय केलं त्यांनी तुला?"

हाच तर पेच होता. त्यांनी काही केलं नव्हतं. कुणी अंगाला हात लावला नव्हता, कुणी घरापर्यंत पाठलाग केला नव्हता. उलट परिवाराची शिस्त नाव घेण्यासारखी होती. मंचावर कागदी फितींची रिळं फेकायची तेव्हा चाहत्यांत प्रथा होती. रिळाच्या आत पुठ्ठ्याची टणक नळी असते, ती लागली तर डोळा फुटायचा. म्हणून परिवारातली सगळ्यांत धाकटी मंडळी सभागृहाबाहेर पायऱ्यांवर बसून एकेका रिळाची नळी काढायची, फीत पुन्हा सैल गुंडाळायची. तोकिए मागच्या दाराने आत जाताना त्यांना बघायची. मान खाली घालून, जिभेचं टोक बाहेर काढून ती पोरं नळ्या उपसत असायची, शेजारी नळ्यांचा ढीग. त्या सगळ्या दिवसांतलं तेवढं एक चित्र तिला बरं वाटायचं. बाकी सगळ्याची शिसारी.

आणि शिसारी का, ते सांगायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, तीसुद्धा एवढीशी. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तिने कागदावरची दुसरी ओळ, ती पातळ सालीची, वाचून गीतकाराला विचारलं होतं, "सर, या ओळीचा अर्थ काय?" खोलीत पाच-सहा पुरुष होते. आधी एकजण नाकातून हसला, मग दुसरा, मग सगळेच. पोट धरून हसले. गीतकाराने डोळे पुसले आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच चेहरा! काही कळलेलं नाही असा. हाच ठेव बाळ, अजिबात बदलू नकोस." तिने ठेवला. वर्षभराने अर्थ कळल्यावरही ठेवावा लागला, कारण तो विकला जात होता. तिसऱ्या वर्षी ती गाव गाठून वडिलांच्या घराशेजारच्या या दुकानात कामाला लागली.

एवढंच. हे सांगितलं तर चिनात्सु म्हणेल, एवढंच? म्हणून तोकिएने दुसरंच काहीतरी सांगितलं. "तुझा आवाज तेवढा चांगला नाही. हसं होईल."

चिनात्सु आपली वाटी विसळून न्हाणीघरात गेली. थोड्या वेळाने तोकिए तिथून जाताना दार अर्धवट उघडं होतं. पोरगी आरशासमोर उभी होती. मान किंचित कललेली, डोळे थोडे मोठे, ओठ जेमतेम विलग. फोनवरच्या चित्रणाकडे बघायची आणि पुन्हा तसं करायची.

"आई," ती आरशातूनच म्हणाली, राग विसरून, "बाकी सगळं जमलं. हा चेहरा तेवढा जमत नाही. कसा करायचीस तू?"

तोकिए खाली गेली आणि ते डगले धुवायला घेतले. दोनदा धुतले, तरी काखेतला पिवळेपणा गेला नाही.

संमेलन रविवारी दुपारी होतं. चिनात्सु सकाळीच निघून गेली होती, आईला न सांगता. गुरुवारी कुणी न्यायला न आलेले ते डगले तोकिएने गाडीत टाकले, घाट चढून हॉटेल गाठलं आणि पिशव्या नोकराकडून आत पाठवल्या. पोरीला हाताला धरून परत आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मेजवानीच्या दालनात तातामीच्या चटयांवर बुटकी मेजं मांडलेली. त्यांच्यामागे साठीची मंडळी, गाल आत्ताच लाल. ही कंपनीतली साहेबमंडळी, दुकानदार, एक तर म्हणे नगरपालिकेतला निवृत्त अधिकारी. घरी नातवंडं. इथे मात्र डगले अंगावर चढताच एकमेकांना कोपरानं ढोसून फिदीफिदी हसायला लागली. काहींची पोटं मावेनात, त्यांनी पुढच्या नाड्या सुट्याच सोडल्या. कपाळाला गुलाबी पट्ट्या. थेरड्यांच्या या वरातीकडे बघून तोकिएला हसू यायला हवं होतं, पण आला तो फक्त संताप.

"रुरी-चान आली!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला ओढून पुढच्या मेजाशी बसवलं. चिनात्सु कुठे आहे विचारलं तर सगळे मिश्कील हसले. "थांब, थांब. तीच तर गंमत आहे!"

ओझेकी ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहिला. "मित्रहो! इतर गायिकांच्या परिवारांनी काय काय केलं ते आठवा. रिळं तशीच फेकली, पोरींची कपाळं फोडली. आपण? आपण एकेक नळी स्वतःच्या हातानं काढली! चाळीस वर्षांत आपल्या रुरी-चानच्या अंगावर एक ओरखडा उमटू दिला नाही. प्रेम म्हणजे हे!"

"प्रेम म्हणजे हे!" सगळे ओरडले. दोघातिघांनी रुमाल काढले.

तोकिएच्या समोर, लोणच्याच्या बशीशेजारी, रंगीत फितींची रिळं रचून ठेवली होती. तिने सहज एक उचललं. वजनदार लागलं. तिने मध्यभागी अंगठा दाबून पाहिला. आत नळी होती. दुसरं उचललं, त्यातही. शेजारच्या मेजावरचीही सगळी भरीव.

"यांच्या नळ्या काढायच्या राहिल्यात," ती शेजारच्या माणसाला म्हणाली.

"आँ? ते काम सगळ्यांत धाकट्याचं असतं," तो म्हणाला आणि वळला. "ए ताकिगावा! नळ्या काढल्या नाहीस का रे?"

ताकिगावा अठ्ठावन्न वर्षांचा होता. "मी काय अजून धाकटा का?" तो फुरंगटून म्हणाला. "बँकेत शाखा सांभाळून निवृत्त झालो मी. मला वाटलं, हॉटेलवाले करतील."

चाळीस वर्षांत परिवारात नवा कुणी आला नव्हता आणि धाकटेपण आता कुणालाच नको होतं. भाषण मात्र सगळ्यांना पाठ होतं. तोकिएच्या मनातलं ते एक बरं चित्र, पायऱ्यांवरच्या पोरांचं, तिथल्या तिथे नासलं. म्हणजे तीसुद्धा माया नव्हती तर. वरिष्ठांनी फर्मावलेलं काम होतं ते!

"ओझेकी-सान, थांबा!" ती म्हणाली, पण दिवे मंद झाले होते.

चिनात्सु मंचावर आली. पांढरा झगा, खांद्याशी फुगीर बाह्या, कमरेला गुलाबी फीत. यांनी तो जुन्या छायाचित्रावरून बेतून शिवून घेतला होता, पोरीच्या मापाने. दालनातून एक हुंकार उठला. गाणं सुरू झालं. आणि मान किंचित कललेली, डोळे थोडे मोठे, ओठ जेमतेम विलग, तो चेहरा तिने केला. आता जमला होता.

तोकिएने तोंडावर रुमाल धरला.

पहिली ओळ संपली, श्वासाची जागा आली. "रुरी-चान!" दालन दणाणलं. दुसरी ओळ. "रुरी-चान!" चिनात्सु म्हणून तिथे कुणी नव्हतंच. ध्रुवपद आलं तसे सगळे उठले आणि रिळं हवेत उडाली. लाल, निळ्या, पिवळ्या फिती उलगडत गेल्या आणि पहिलंच रीळ पोरीच्या भुवईवर खाडकन बसलं. मग एक खांद्यावर, एक गळ्यापाशी. भुवईतून रक्ताची रेघ खाली आली.

चिनात्सु गात राहिली. चेहरा तसाच ठेवून. चित्रणातल्या आईने कधी थांबून दाखवलं नव्हतं ना! आणि खाली ते ताल धरून ओरडत होते. रडतही होते काहीजण, डोळे मिटून. बघत कुणीच नव्हतं.

तोकिए गुडघा विसरून मंचावर चढली. तिने मुलीच्या भुवईवर रुमाल दाबला आणि ध्वनिक्षेपक तिच्या हातातून घेतला. यंत्राशी उभ्या असलेल्या हॉटेलातल्या बाईने घाबरून गाणं थांबवलं. टाळ्या मात्र पडल्या. यांना वाटलं, आता मायलेकी मिळून गाणार.

"ओझेकी-सान, एक विचारायचं होतं," तोकिए म्हणाली. तिचा आवाज शांत होता, काउंटरवर पावती देताना असतो तसा. "तुम्ही हे गाणं चाळीस वर्षं ऐकताय. यातल्या दुसऱ्या ओळीचा अर्थ काय?"

"अर्थ?" ओझेकी हसरा चेहरा घेऊन उभा होता. "अगं, पीच... म्हणजे उन्हाळा... तारुण्य..."

"साल पातळ आहे, सांभाळून, असं ती मुलगी कुणाला सांगते? आणि कशाबद्दल? माझ्या मुलीला समजावून सांगा. ती आत्ता तुमच्यासाठी ते गायलीय. मी सोळा वर्षांची असताना हेच विचारलं होतं, मला कुणी सांगितलं नाही."

ओझेकीने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. एकाने पेल्यात डोकं घातलं, दुसरा कपाळपट्टी चाचपू लागला. तेवढ्यात पाठीमागच्या मेजावर कुणीतरी नाकातून हसलं ते सगळ्या दालनाला ऐकू आलं. लगेच दुसऱ्याने ते हसू दाबायला खोकला काढला, तर तिसऱ्याला फुटलंच. मग आणखी दोघांना. लाल गालांची, पोटं हलवणारी, एकमेकांच्या नजरा चुकवत पसरत जाणारी ती खसखस.

तेच हसणं. चाळीस वर्षांत एका सुरानेही बदललं नव्हतं.

तोकिएने मुलीकडे पाहिलं. चिनात्सु रुमाल धरून खाली बघत होती, एकेका हसणाऱ्याकडे. तो शिकलेला चेहरा तिच्यावर अजून थोडा शिल्लक होता. मान कललेली होती. मग ती सरळ झाली. डोळे बारीक झाले, ओठ मिटले. न्हाणीघरात इतक्या मेहनतीने कमावलेलं सगळं गेलं आणि मागे उरली ती तिची स्वतःची, भुवई सुजलेली, किळस आलेली मुलगी.

"तेव्हापण असंच हसले होते?" तिने हळू विचारलं.

"असंच."

"म्हणजे तू तो चेहरा करत नव्हतीस. तो... झाला होता तुझा."

तोकिएने मान हलवली.

चिनात्सु वाकली. पायाशी पडलेलं ते रीळ, रक्ताचा ठिपका लागलेलं, तिने उचललं. अंगठा घालून मधली पुठ्ठ्याची नळी बाहेर ढकलली. मंचावरून उतरून ती ओझेकीसमोर उभी राहिली आणि देवाणघेवाणीच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी ती नळी त्याच्यापुढे धरली.

"अध्यक्षकाका, ही काढायची राहिली होती."

ओझेकीने सवयीने वाकून दोन्ही हातांनी घेतली. काय घेतलं ते कळल्यावर त्याचं टक्कलसुद्धा लाल झालं.

मायलेकी फितींच्या गुंत्यातून वाट काढत दाराकडे निघाल्या. कुणी अडवलं नाही. चप्पल घालताना मागून ओझेकीचा आवाज आला, सारवासारव करणारा, "अहो, गाणं चालू करा! चालू करा! वातावरण जाईल सगळं!"

गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. नुसते सूर, त्यावर आवाज नाही. दारात चिनात्सुने वळून पाहिलं. मंच रिकामा होता. फिती लोंबत होत्या, आणि डगले घातलेली ती म्हातारी मंडळी एकमेकांकडे न बघता पुन्हा ताल धरू लागली होती. ओळ संपली. श्वासाची जागा आली.

"रुरी-चान!" ते सगळे मिळून ओरडले, अगदी वेळेवर.